नागार्जुनांना कस लावताना

इतवारीच्या सराफ्यात जुना दागिना मोडायला नेला, की सराफ आधी गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकत नाही, दागिना हातात घेतो. काळ्या, गुळगुळीत दगडावर तो घासतो, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडतो आणि क्षणभर थांबतो. रेघ पितळेची असेल, तर विरघळून नाहीशी होते. सोन्याची असेल, तर जागच्या जागी राहते. २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचे झाले, शुद्धता पडद्यावर आकड्यांत दाखविणारी यंत्रे आली. तरी कसोटीच्या या दगडावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास पुसला गेलेला नाही. दागिना कोणाच्या आजीचा होता, कोणत्या संस्थानातून आला, याच्याशी दगडाला कर्तव्य नसते.

याच इतवारीवरून जाणारा लोहमार्ग पुढे कामठी आणि कन्हान ओलांडून रामटेकला पोहोचतो. रामटेकचा गड म्हणजे कालिदासाचा रामगिरी, असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. पण त्याच परिसरातील एका टेकडीला नागार्जुनांचे नाव आहे. तेथील गुहेत आचार्य नागार्जुन राहत, वनस्पती आणि खनिजे जमवून रसविद्येचे प्रयोग करीत, अशी या भागाची परंपरा सांगते. त्यांनी औषधाचे थेंब शिंपडून पाषाणाचे सोने केले, अशीही त्यांची ख्याती. ही कथा सराफ्यातल्या एखाद्या जुन्या जाणत्याला सांगितली, तर तो हसणार नाही आणि मानही डोलावणार नाही. तो फक्त दगड पुढे सरकवील. या लेखात आपणही तेवढेच करणार आहोत.

कारण प्रश्न मानाचा आहे. रसायनशास्त्राचा जनक कोण, असे विचारले, की युरोपातील पाठ्यपुस्तके फ्रान्सच्या लाव्हाझिए यांचे नाव घेतात. काही जण शंभर वर्षे मागे जाऊन इंग्लंडच्या रॉबर्ट बॉइल यांच्यापाशी थांबतात. अरब जगत जाबिर इब्न हय्यान यांच्याकडे बोट दाखविते. आपल्याकडे हा मान नागार्जुनांना दिला जातो, आणि विदर्भात तर तो घरचा माणूस म्हणून थोड्या अधिक जिव्हाळ्याने दिला जातो. हा जिव्हाळा खोटा नाही. पण ज्यांना आपण मान देत आहोत, ते नागार्जुन नेमके कोण, हे विचारले, की पंचाईत होते.

नागार्जुनांचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने सविस्तर चरित्र भारतात लिहिले गेलेले नाही; ते चिनी भाषेत आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी चांगआन नगरीत बौद्ध ग्रंथांची भाषांतरे करणाऱ्या कुमारजीवांच्या नावावर ते आहे. त्यानुसार नागार्जुन दक्षिण देशातील ब्राह्मण कुळात जन्मले. लहानपणीच वेद मुखोद्‌गत झाले, ज्योतिष आणि भूगोल शिकून झाला, आणि तारुण्यात पाऊल टाकताना या बुद्धिमान तरुणाला शिकण्यासारखे काही उरले नाही असे वाटू लागले. मग त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी ठरविले, की आता सुखोपभोग घ्यायचा, आणि त्यासाठी अदृश्य होण्याची विद्या मिळवायची.

ते एका सिद्धाकडे गेले. सिद्ध हुशार होता. कृती शिकविली तर हे परत येणार नाहीत, म्हणून त्याने प्रत्येकाच्या हातावर तयार गोळी ठेवली आणि ती पाण्यात उगाळून पापण्यांना लावायला सांगितली. नागार्जुन गोळी उगाळू लागले, तिचा वास नाकात शिरला, आणि त्या वासावरून त्यांनी आतील सत्तर द्रव्ये प्रमाणासह ओळखली. परत जाऊन त्यांनी सिद्धाला सगळी यादी ऐकविली. सिद्ध थक्क झाला, आणि ज्याला एवढे कळते त्याच्यापासून लपवून काय उपयोग, असे म्हणून त्याने विद्या देऊन टाकली.

नागार्जुनांच्या साऱ्या आख्यायिकांमध्ये मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे त्यांच्या नावावर सोने, अमृत, यक्षिणी, नागलोक असे बरेच काही जमा झाले. पण तयार पदार्थ हाती घेऊन तो कशाकशाचा आणि किती किती प्रमाणात बनला आहे हे शोधणे, याला आज आपण रासायनिक पृथक्करण म्हणतो. ही कथा खरी असायची गरज नाही. पाचव्या शतकातील माणसांना विद्वत्तेची कल्पना अशी करता येत होती, एवढे त्यातून निश्चित कळते.

पुढची हकीकत वाईट आहे. चौघे अदृश्य होऊन राजाच्या अंतःपुरात शिरू लागले. काही महिन्यांत राणीवशातील स्त्रिया गर्भवती असल्याचे उघड झाले. एका वृद्ध मंत्र्याने दारांपाशी बारीक माती पसरविण्याचा सल्ला दिला. मातीत पावले उमटली. दिसत नाहीत ती भुते नव्हेत, माणसे आहेत, हे कळले. पहारेकऱ्यांनी हवेत तलवारी चालविल्या आणि तिघे मित्र तेथेच मारले गेले. राजाच्या जवळ काही पावलांच्या आत शस्त्र चालवायचे नसते, हे ओळखून नागार्जुन राजाला खेटून उभे राहिले आणि वाचले. वासना हीच दुःखाची जननी, हे त्यांना त्या क्षणी उमगले. तेथून ते बाहेर पडले ते थेट भिक्षू झाले. पुढे नागराजाने त्यांना समुद्रातळीच्या आपल्या प्रासादात नेऊन महायान सूत्रे दाखविली, अशी त्यांच्या नावाची उपपत्ती याच चरित्रात आहे.

या कथेमागे उभे असलेले खरे नागार्जुन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात आणि तिसऱ्याच्या आरंभी होऊन गेले, असे बहुतेक संशोधक मानतात. मूलमध्यमककारिका हा त्यांचा ग्रंथ. कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर उभी नाही, प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे, म्हणून ती स्वभावशून्य आहे, हे त्यांनी अशा तर्कशुद्ध रीतीने मांडले, की आज अठराशे वर्षांनंतरही जगभरच्या विद्यापीठांत त्यावर वाद चालतो. सातवाहन राजाला त्यांनी उपदेशपर पत्र लिहिले, तेही सुहृल्लेख या नावाने प्रसिद्ध आहे. त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत भट्टी नाही, मूस नाही, पारा नाही. सर्व वस्तू स्वभावशून्य आहेत असे सांगणारा आचार्य हलक्या धातूला सोन्याचा स्वभाव देण्याच्या खटपटीत आयुष्य घालवील का, ही शंका वाचकाच्या मनात येईल. ती रास्त आहे.

मग सोने आले कोठून? सातव्या शतकात. त्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात नागार्जुनांना नागलोकातून मिळालेल्या आणि त्यांनी सातवाहन राजाला दिलेल्या मोत्यांच्या एकावळीची कथा घातली. त्याच सुमारास चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग कोसल देशातून गेला. येथील कोसल म्हणजे अयोध्येचा नव्हे, दक्षिण कोसल. महानदीपासून विदर्भाच्या पूर्व सीमेपर्यंतचा प्रदेश. तेथे त्याला सांगण्यात आले, की सातवाहन राजाने नागार्जुनांसाठी डोंगर पोखरून भव्य विहार बांधायला घेतला, काम अर्धे झाले आणि खजिना रिता झाला. राजा चिंतेत पडला. नागार्जुनांनी त्याला दुसऱ्या दिवशी फेरफटका मारून यायला सांगितले, आणि मधल्या वेळात डोंगरातील मोठमोठ्या शिळांवर आपल्या औषधाचे थेंब शिंपडले. राजा परतला, तेव्हा रानात सोने चमकत होते.

या कोसलची राजधानी कोठे होती, यावर एकोणिसाव्या शतकापासून वाद झाला. कनिंगहॅम यांनी ती चांद्याच्या परिसरात शोधली. आज छत्तीसगडमधील सिरपूरकडे कल अधिक आहे. तिबेटी परंपरेने मात्र विदर्भाला सरळ मान दिला आहे. चौदाव्या शतकातील बु-स्तोन या इतिहासकाराने नागार्जुनांचा जन्म विदर्भातील निपुत्रिक ब्राह्मण दांपत्याच्या पोटी झाल्याचे लिहिले. मूल थोडेच दिवस जगेल, असे भविष्य होते. ब्राह्मणभोजने, भिक्षुभोजने घालून ते सात वर्षांवर गेले. सातवे वर्ष संपत आले तेव्हा पुत्राचा मृत्यू डोळ्यांनी पाहावा लागू नये म्हणून आईबापांनी त्याला एका सेवकासह प्रवासाला धाडले, आणि फिरत फिरत तो नालंदेला पोहोचला. तेथे दुष्काळात उपाशी पडलेल्या संघासाठी त्याने समुद्रापारच्या बेटावरून सुवर्णविद्या आणली. कथा हृदयस्पर्शी आहे. पण नालंदेचे महाविहार पाचव्या शतकात, गुप्तांच्या काळात उभे राहिले. दुसऱ्या शतकातील आचार्यांना तेथे प्रवेश मिळणे कठीणच.

मृत्यूची कथा बहुतेक परंपरांत एकसारखी आहे. राजाचे आयुष्य नागार्जुनांच्या रसायनाशी जोडलेले होते. आचार्य जिवंत तोवर राजा मरणार नाही. युवराज सिंहासनाची वाट पाहून म्हातारा होऊ लागला. शेवटी आईच्या सांगण्यावरून तो नागार्जुनांकडे गेला आणि त्यांचे शिर दान मागितले. दानाला नकार देणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते. तिबेटी कथेत तलवार चालली नाही. पूर्वजन्मी गवत कापताना एक कीटक मारला गेला होता, म्हणून कुशाच्या पात्यानेच शिर वेगळे झाले. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात हीच गोष्ट चिरायू राजा आणि त्याचा मंत्री नागार्जुन यांच्यावर रचली. रसायनाचा दुसरा मानकरी लाव्हाझिए याचेही शिर ८ मे १७९४ रोजी पॅरिसमध्ये गिलोटिनखाली उतरविले गेले. योगायोगापलीकडे त्यात अर्थ शोधू नये; पण आठवण होते खरी.

आता दगडावर दुसरी रेघ ओढू. इसवी सन १०३० च्या सुमारास अल्‌बिरूनी याने भारताविषयी आपला ग्रंथ पूर्ण केला. हा माणूस ऐकीव गोष्टींवर सहजी विश्वास ठेवणारा नव्हता; सोने करण्याच्या विद्येची तर त्याने थट्टाच केली आहे. त्याने नोंदविले, की सोमनाथजवळच्या दैहक या किल्ल्यातील नागार्जुन हा या विद्येतील निष्णात, त्याचा ग्रंथ दुर्मीळ, आणि तो आपल्या काळापूर्वी सुमारे शंभर वर्षे होऊन गेला. म्हणजे दहाव्या शतकाचा पूर्वार्ध. शून्यवादी आचार्य आणि हा रससिद्ध यांच्यामध्ये सातशे वर्षांचे अंतर पडते. तेवढ्यावर भागत नाही. सुश्रुतसंहितेचा संस्कर्ता नागार्जुन होता असे बाराव्या शतकातील टीकाकार डल्हण सांगतो. वृंदाच्या सिद्धयोगात नागार्जुनाने पाटलीपुत्राच्या स्तंभावर कोरविलेल्या नेत्रांजनाच्या कृतीचा उल्लेख आहे. चक्रपाणिदत्त लोहाच्या औषधी प्रयोगाचे श्रेय नागार्जुनाला देतो. चौऱ्याऐंशी सिद्धांच्या मांदियाळीत आणखी एक नागार्जुन आहेतच.

इतकी माणसे एका नावाखाली का आली? मोठ्या नावाची ओढ हे एक कारण. जुन्या काळी ग्रंथकाराला स्वतःचे नाव मिरविण्यापेक्षा आपली कृती एखाद्या सिद्धाच्या पदरी घालणे अधिक सुरक्षित आणि अधिक पुण्यप्रद वाटे. त्यात खोटेपणा होता असे नाही. ती रीत होती. मात्र पुढच्या पिढ्यांनी या सर्वांना एकत्र ओतून एकच पुतळा घडविला आणि त्याला सहाशे वर्षांचे आयुष्य बहाल केले.

रससिद्ध नागार्जुनांच्या नावावर असलेला महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे रसेंद्रमंगल. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी ज्या पोथीचा रसरत्नाकर या नावाने परिचय करून दिला, तिच्यात बराचसा मजकूर याच ग्रंथाचा असल्याचे पुढील संशोधकांनी दाखविले. ग्रंथाच्या काळाबाबत सातव्यापासून दहाव्या शतकापर्यंत मते आहेत. त्यातील एक भाग नाट्यमय आहे. नागार्जुन बारा वर्षे आराधना करतात, वटयक्षिणी प्रसन्न होते, आणि मग तिच्यासह शालिवाहन, रत्नघोष, मांडव्य अशा पात्रांच्या संवादातून पाऱ्याचे रहस्य उलगडते. पण संवादाची चौकट बाजूला केली, की समोर येते ती भट्टीपाशी बसलेल्या माणसाची वही. हिंगूळ तापवून त्यातून पारा कसा काढायचा. पारा आणि गंधक खलून काळी कज्जली कशी करायची. कोणत्या धातूला कोणत्या द्रव्याने मारायचे. दोला, पातन, वालुका ही यंत्रे कशी जोडायची. अमुक वेळ, अमुक विस्तव, अमुक पुटे.

याच पोथीत सोन्याचाही पत्ता लागतो. कलखापरी, म्हणजे जस्ताचे खनिज, तांब्याबरोबर तीनदा भाजले की तांब्याचे सोने होते, असे तेथे सांगितले आहे. प्रयोग अगदी खरा आहे. कोणीही करून पाहावा. तांब्यात जस्त शिरते आणि लालसर धातू लखलखीत पिवळा होतो. तो होतो, पण त्याला आपण पितळ म्हणतो. इतवारीतल्या दगडावर त्याची रेघ तेजाबाच्या पहिल्याच थेंबाला धुऊन निघेल. तेव्हा ह्युएन त्संगच्या कानावर आलेल्या सोनेरी शिळांच्या कथेमागे काय असेल, याचा तर्क वाचकांनी करावा. माझ्या मते ज्याने प्रथम लाल तांबे पिवळे होताना पाहिले, त्याला आपण फसवणूक करतो आहोत असे वाटले नसेल. त्याच्यापुढे एक पदार्थ जाऊन दुसरा आला होता. हे असे का घडते, या प्रश्नातूनच हे शास्त्र जन्मले. सोने मिळाले की नाही, ही त्या शास्त्राच्या दृष्टीने गौण बाब.

खरे नवल पुढच्या कृतीत आहे. कलखापरीत लोकर, लाख, हिरडा आणि टाकणखार मिसळून झाकलेल्या मुशीत भाजले असता कथिलासारखे दिसणारे सत्त्व निघते, असे हा ग्रंथ सांगतो. कथिलासारखे दिसणारे ते सत्त्व म्हणजे जस्त. हे काम वाटते तितके सोपे नाही. लोखंड किंवा तांबे काढताना धातू भट्टीच्या तळाशी वितळून जमतो. जस्ताचे तसे नाही. खनिजातून ते सुटते त्या उष्णतेला त्याची वाफ झालेली असते, कारण ९०७ अंश सेल्सिअसलाच ते उकळते. वाफ हवेत आली, की पेट घेते आणि हाती पांढरी राख उरते. म्हणून भट्टी वर आणि थंड पात्र खाली ठेवून, हवा लागू न देता, वाफ खाली उतरवावी लागते. तेराव्या शतकाच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या रसरत्नसमुच्चयात ही वांग्याच्या आकाराची, नळी जोडलेली मूस तपशिलाने वर्णिलेली आहे.

पोथीतील वर्णनाला पुरावा लागतो. तो १९८० च्या दशकात राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेस झावर येथे मिळाला. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांच्या संयुक्त शोधमोहिमेत जस्ताच्या ऊर्ध्वपातनाच्या भट्ट्याच सापडल्या. एकेका भट्टीत छत्तीस मुशी, सहा ओळींत सहा, तोंडे खाली करून बसविलेल्या, आकार वांग्याचाच. मध्ययुगात येथे जस्त कारखानदारीच्या प्रमाणावर निघत होते. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियन यांनी जस्त काढण्याच्या कृतीचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये, आणि जर्मनीत मार्गग्राफ यांनी जस्त वेगळे केल्याचे श्रेय मिळविले ते १७४६ मध्ये. झावरच्या कारागिरांपैकी एकाचेही नाव कोणत्या ग्रंथात नाही.

हे श्रेय असे हरवते कसे, याचा विचार करणारा पहिला मोठा माणूस प्रफुल्लचंद्र राय. कोलकात्यात प्रयोगशाळेत पाऱ्याची संयुगे हाताळणाऱ्या या रसायनतज्ज्ञाने, फ्रान्सचे बेर्थेलो यांच्या प्रोत्साहनाने, हिंदू रसायनाचा इतिहास १९०२ आणि १९०९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. नागार्जुनांना आधुनिक वाचकांपुढे आणले ते त्यांनीच. पण राय नुसते गौरव करून थांबले नाहीत. एवढे हातात असलेले ज्ञान पुढे खुंटले का, हे त्यांनी विचारले आणि उत्तर आपल्याच समाजात शोधले. जातिव्यवस्थेने हाताने काम करणारा आणि डोक्याने विचार करणारा यांची ताटातूट केली. भट्टी एका जातीकडे गेली आणि पोथी दुसऱ्या जातीकडे. भट्टी फुंकणाऱ्याला का आणि कसे हे विचारायचा अधिकार उरला नाही, आणि ज्याला होता त्याने विस्तवाजवळ बसणे सोडले. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हे लिहायला धैर्य लागले असेल. त्यांच्या ग्रंथाचा अभिमानाने उल्लेख करणारे हे पान सहसा उलटीत नाहीत.

मग जनक कोण? अरब परंपरेतील जाबिर यांची स्थिती नागार्जुनांहून वेगळी नाही. त्यांच्या नावावर शेकडो ग्रंथ आहेत. जाबिर नावाचा कोणी होता की नाही, अशी शंका दहाव्या शतकात बगदादमध्येच घेतली जात होती, आणि गेल्या शतकात पॉल क्राउस यांनी हे ग्रंथ अनेक हातांनी लिहिल्याचे दाखविले. लाव्हाझिए मात्र निःसंशय होऊन गेले. त्यांनी पारा बंदिस्त हवेत बारा दिवस तापविला, त्यावर लाल भस्म जमले, आतील हवेचा सुमारे सहावा हिस्सा कमी झाला. तेच लाल भस्म पुन्हा तापविले, तेव्हा गेलेली हवा परत आली. आपल्याकडच्या रसवैद्यांनी पारा शेकडो वर्षे मारला, जिवंत केला, औषधाच्या मात्रा गुंजेगुंजेने तोलल्या. पण हवा कोंडून मोजली नाही. हा फरक लहान नाही. १७८९ मध्ये लाव्हाझिए यांनी तेहतीस मूलद्रव्यांची यादी दिली आणि या विद्येला शास्त्राची भाषा मिळाली. म्हणून शास्त्राची स्थापना हा मान त्यांचा, असे मला वाटते. तरी त्यांच्याही रेघेवर तेजाब टाकावेच लागते. प्राणवायू त्यांच्या आधी स्वीडनच्या शेले यांनी आणि इंग्लंडच्या प्रीस्टली यांनी मिळविला होता. १७७४ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या भोजनाच्या मेजावर प्रीस्टली यांनी त्यांना आपला प्रयोग सांगितला होता. लाव्हाझिए यांनी पुढे हे ऋण मोकळेपणाने मान्य केले नाही.

येथे पुन्हा रामटेककडे वळले पाहिजे. शेले यांनी मँगनीजच्या काळ्या खनिजावर काम केले, त्यातून क्लोरिन मिळविला, प्राणवायूही मिळविला. तेच काळे खनिज रामटेकजवळच्या मनसरच्या जमिनीत मुबलक आहे आणि तेथील खाणी प्रसिद्ध आहेत. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, जेथे विदर्भातील रासायनिक अभियंत्यांच्या पिढ्या घडल्या, ती १९४२ मध्ये उभी राहिली कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून. मनसरच्याच टेकड्यांवर १९९७-९८ पासून भदन्त सुरई ससाई यांच्या पुढाकाराने जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी उत्खनन केले. विटांच्या विस्तीर्ण वास्तू उघड्या पडल्या. उत्खननकर्त्यांनी त्यांचा संबंध बौद्ध विहाराशी आणि नागार्जुनांशी जोडला. डच संशोधक हान्स बाकर यांनी हे पाचव्या शतकातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे प्रवरेश्वर शिवमंदिर असल्याचे मत मांडले. नागार्जुनांची प्रयोगशाळा येथेच होती, असे सर्वांनी मान्य करावे इतका पक्का पुरावा पुढे आलेला नाही. त्यामुळे मनसरचे मोल रतीभरही घटत नाही.

नागार्जुनांना रसायनाचे जनक म्हणताना आपण दोन थोर माणसांवर अन्याय करतो, असे मला वाटते. शून्यतेचा विचार मांडणाऱ्या आचार्यांना आपण किमयागार करून ठेवतो. आणि दहाव्या शतकाच्या आसपास कोठेतरी, मुशीवर डोळे लावून, कलखापरी आणि हिरड्याचे प्रमाण पुन्हा पुन्हा बदलून पाहणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाला सातशे वर्षे मागे ढकलून त्याचा काळ, त्याचे गाव आणि त्याचे आयुष्य पुसून टाकतो. जग दारिद्र्यमुक्त करण्याची प्रतिज्ञा परंपरेने त्याच्या तोंडी घातली आहे. ती त्याची असो वा नसो. जस्ताची कृती कोणाच्या तरी हातून लिहिली गेली आहे, आणि ती कसाला उतरते.

सराफ्यातील कारागिराच्या दुकानात दिवसभरात सोन्याचे कण खाली पडतात, शेगडीच्या राखेत मिसळतात. हा केरकचरा विकत घेणाऱ्यांना मराठीत झारेकरी म्हणतात. राख धुवायची, उरलेल्या गाळात पारा चोळायचा, पाऱ्याने सोने उचलले की फडक्यातून पिळायचे, विस्तवावर पारा उडवायचा, तेजाबाने मळ काढायचा आणि मुशीत टाकणखार घालून आटवायचे. पाऱ्याच्या धुराने या धंद्यात अनेकांचे शरीर पोखरले गेले. त्यांच्यापैकी कोणी पोथी लिहिल्याचे ऐकिवात नाही. गोळा तयार झाला की झारेकरी तो घेऊन सराफाकडे जातो, आणि सराफ काही न बोलता काळा दगड काढतो.